रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातून

पुणे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

चार वर्षांची लेक ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटून घेते आणि खाली व्हॅनवाले काका हॉर्न देत असल्याने तुझा आवाज चढतो, असे तू लिहिले आहेस. माझे सांगणे एवढेच, की सकाळी फार ताणू नकोस. रात्रीचा ब्रश मात्र चुकवू नकोस, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेल्या साखरेपासून जंतू जे आम्ल तयार करतात, ते धुऊन निघत नाही. साखर घातलेले दूध पिऊनच झोपायची सवय असेल, तर आधी दूध आणि मग ब्रश असा क्रम लाव.

नकाराचे कारणही पाहावे. ‘पेस्ट तिखट लागते’ हे मुलांचे म्हणणे खरे असते. पुदिन्याऐवजी सौम्य चवीची, पण दात किडण्यापासून वाचवणारे फ्लोराइड सुमारे १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) असलेली पेस्ट आण आणि ती वाटाण्याएवढीच घे. ओठ वर करून हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ किंवा तपकिरी डाग दिसतो का, तेही बघ. दिसल्यास लगेच दंतवैद्यांना दाखव, कारण किडलेला दात दुखत असेल तर मूल ब्रश लावू देणार नाही. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ असे घरात कोणी म्हणेल, पण त्यांतल्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात.

आता प्रत्यक्ष कृती. पलंगावर बसून तिचे डोके मांडीवर घे, एका बोटाने गाल हलकेच बाजूला कर आणि लहान, मऊ ब्रशने वरच्या दाढांपासून सुरुवात कर. दुसरा ब्रश तिच्या हातात असू दे. वरचे दहा, खालचे दहा असे मोठ्याने मोजत गेलास, तर दोन मिनिटे सहज निघतात. नंतर तिला नुसते थुंकायला सांग. खळखळून चूळ भरल्यास फ्लोराइड वाहून जाते, हे आजीला पटवणे मुलीला पटवण्यापेक्षा अवघड जाईल. सात-आठ वर्षांची होईपर्यंत हे काम तुम्हीच करायचे आहे.

हिंजवडीहून यायला तुला उशीर होणार असेल, त्या दिवशी जेवण आणि दूध झाल्याबरोबर आजीनेच ब्रश करून द्यावा, आणि त्यानंतर लेकीने काही मागितले तर फक्त पाणी द्यावे.