रीडायरेक्ट लिहिताना आधी एवढं बघ

अरे, रीडायरेक्ट करताना, म्हणजे आलेल्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवताना, पान पुढे जात नाही आणि 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा इशारा येतो, त्यात सर्व्हरचा काही दोष नाही. हेडर म्हणजे पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी सूचना. पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर पानं तयार करणाऱ्या भाषेत, हेडर फंक्शनने लोकेशन (पुढच्या पानाचा पत्ता) पाठवायचं तर त्याआधी ब्राउझरकडे एक अक्षरही जाता कामा नये. मोकळी ओळसुद्धा नाही. इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका दुकानाची साइट करताना माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती. शेवटी सापडलं काय, तर पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एक स्पेस! एडिटर फाइलच्या तोंडाशी 'बीओएम' (एन्कोडिंग सांगणारी खूण) घालत असेल तरी हेच होतं, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. आउटपुट कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर सुरू झालं ते त्या इशाऱ्यातच असतं. तिथूनच शोधायला लाग.

हेडरच्या लगेच खाली एक्झिट लिहायचंच. नाहीतर ब्राउझर निघून जातो, पण इकडे खालचा कोड चालूच राहतो. लॉगिन नसलेल्याला बाहेर पाठवणाऱ्या पानावर हे विसरलास, तर आतला सगळा मजकूर उत्तराबरोबर बाहेर जातो. म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

रीडायरेक्टचा प्रकार सांगणारा आकडा दिला नाहीस तर ३०२ जातो, म्हणजे तात्पुरता. पत्ता कायमचा बदलला असेल तरच ३०१ दे. ब्राउझर तो लक्षात ठेवतो, मग तू चूक सुधारलीस तरी गिऱ्हाईक जुन्याच ठिकाणी पोचतं. फॉर्म भरून झाल्यावर ३०३ बरा, रिफ्रेश केलं तरी ऑर्डर दुबार जात नाही. आणि कुठे जायचं तो पत्ता लिंकमधून येत असेल, तर तपासल्याशिवाय कुणाला तिकडे पाठवू नकोस.