कळ्या गळतात, कुंडी तापते आणि बुलबुल अंड्यांवर बसलाय

उन्हाळा संपत आला की बाग आणि पक्षी यांच्याबद्दलचे प्रश्न एकमेकांत मिसळतात. म्हणून या वेळी ते वेगळे न काढता एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : मोगऱ्याला भरपूर कळ्या धरल्या होत्या, पण गेल्या दोन आठवड्यांत त्या उमलायच्या आधीच जांभळट पडून गळताहेत. पाणी सकाळ-संध्याकाळ घालते. खत वाढवू का?

खताला हातही लावू नका. आधी गळलेल्या आठ-दहा कळ्या उचला आणि नखाने उभ्या चिरून बघा. कळीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि आत हिरवट बारीक अळी किंवा तिची भुशासारखी विष्ठा दिसली, तर ती कळी पोखरणारी अळी. ही अळी शेजारशेजारच्या कळ्या तंतूंनी एकत्र गुंफते आणि एकीतून दुसरीत जाते. त्यामुळे झुपक्यातली एक कळी जांभळी झाली की बाकीच्याही जातात.

अळी एकदा कळीत शिरली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. रोज सकाळी गळलेल्या आणि जांभळट झालेल्या कळ्या वेचून पिशवीत घट्ट बांधून टाका. त्या कुंडीतल्या मातीवर पडू देऊ नका, कारण अळी कोषात जाते ती मातीतच. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती आठवड्यातून एकदा हलकी उकरा. नव्या, हिरव्या कळ्या वाचवायच्या तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली सौम्य द्रवसाबण घुसळून, ऊन उतरल्यावर फवारा आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारा. हीच फवारणी भर उन्हात केली तर पानं करपतात, आणि मग दोष मात्र कडुनिंबाला दिला जातो.

कळी चिरल्यावर आत काहीच सापडलं नाही, तर संशय पाण्यावर घ्या. दोन वेळा पाणी घातलं म्हणजे ते मुळांपर्यंत गेलं असं होत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण एकदा पुरतं वाळलं की पाणी झिडकारतं. माती आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकात जातं, ताटलीत पाणी दिसतं आणि आपलं समाधान होतं. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने लाकडी काडी दहा सेंटीमीटर आत खुपसा. ती कोरडी निघाली तर कुंडी काठापर्यंत पाण्याच्या बादलीत ठेवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण २०-३० मिनिटं, राहू द्या आणि मग पूर्ण निथळू द्या. कुंडी मोठी असून उचलता येत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा थोडं थोडं पाणी घाला. पहिल्या पाण्याने माती नुसती ओलावते, पुढच्या दोन वेळचं पाणी ती शोषून घेते.

खत का नको, तेही सांगायला हवं. तापलेल्या, अर्धवट कोरड्या मातीत खताचे क्षार साठले की मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसत असेल तर क्षार आधीच जास्त आहेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून ते धुऊन काढा. शिवाय नत्र जास्त झालं की मोगरा पानांवरच खर्च होतो. एक बहर संपल्यावर फांद्यांची टोकं पाच-सात सेंटीमीटर खुडा. कळ्या नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, त्यामुळे जुनी फांदी तशीच लांबत ठेवण्यात अर्थ नसतो.

प्रश्न : दुपारी दोन वाजता झाडं मान टाकतात. त्याच वेळी पाणी घातलं तर चालतं का?

आधी संध्याकाळपर्यंत थांबा. मोठ्या, पातळ पानांची झाडं कडक उन्हात जेवढं पाणी पानांतून सोडतात तेवढं मुळांना त्या क्षणी पुरवता येत नाही, म्हणून पानं लोंबतात. माती ओली असूनही हे होतं. ऊन उतरल्यावर ती आपोआप सावरली तर काळजी नको. सकाळी सहालाही मान खालीच असेल तर मात्र दोनच शक्यता असतात. माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे. माती ओली आणि आंबूस वासाची असेल तर मुळं कुजताहेत, आणि अशा वेळी घातलेलं पाणी झाडाला मारतं. दुपारच्या लोंबण्याला घाबरून दिवसातून तीनदा पाणी घालणारे याच वाटेने मुळं कुजवतात.

पाण्यापेक्षा कुंडी थंड ठेवण्याकडे बघा. काळी प्लास्टिकची कुंडी गच्चीवर थेट लादीला टेकली असेल तर मुळं दोन्हीकडून भाजतात. खाली दोन विटा द्या, दक्षिण-पश्चिमेची बाजू गोणपाटाने किंवा दुसऱ्या कुंडीने झाका आणि मातीवर वाळक्या पानांचं चार-पाच सेंटीमीटर आच्छादन घाला. ते खोडाला मात्र चिकटवू नका, तिथे ओल धरून साल कुजते. हिरवी जाळी लावायचीच तर फुलझाडांना ३५ टक्के सावलीची पुरते. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली मोगरा हिरवागार राहील, पण फुलणार नाही.

प्रश्न : जास्वंदीची पानं धुळकट, फिकट ठिपक्यांची झालीत. पुसून पाहिली, फरक नाही.

पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेली धूळ मिनिटभर न्याहाळा. त्यातले मिरपुडीएवढे कण चालू लागले तर तो लाल कोळी. पानाच्या मागे, शिरांच्या कोनात बारीक जाळीही दिसेल.

कोरड्या उष्णतेत याची एक पिढी आठवड्याभरात पुरी होते, त्यामुळे एकदा केलेल्या उपायाने काही होत नाही. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा सकाळी मारा आणि दर तीन दिवसांनी चार वेळा पुन्हा मारा. बहुतेक घरगुती बागांत एवढं पुरतं. गंधकाची पूड या हवेत वापरू नका, कडक उन्हात ती पानं जाळते. आणि घरात हाताशी आहे म्हणून साधं कीटकनाशक मारू नका. कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा जीव आहे. त्या औषधाने त्याला खाणारे किडे मरतात आणि पंधरा दिवसांत तो दुपटीने येतो.

प्रश्न : त्याच जास्वंदीत बुलबुलाने घरटं केलंय, तीन अंडी आहेत. झाडाला पाणी घालू का? पिठ्या ढेकूणही (कापसासारखी पांढरी कीड) झालाय, त्याचं काय करू?

पाणी घाला, पण बुंध्याशी आणि रोज एकाच वेळी. झारीने वरून नको. रोजची ठरावीक ये-जा बुलबुल लवकर ओळखतो. त्याला बिथरवतं ते वाकून बघणं, फांदी बाजूला करणं, फोटो काढणं. घरट्यावरची पानं फोटोसाठी सारली की दोन धोके असतात. दुपारचं ऊन थेट अंड्यांवर येतं आणि कावळ्याला घरटं दिसतं. दुसरा धोका जास्त मोठा.

अंडी घातल्यापासून पिल्लं घरटं सोडेपर्यंत साधारण चार आठवडे धरा. तोवर त्या झाडावर फवारणी आणि छाटणी बंद. पिठ्या ढेकूण घरट्यापासून लांबच्या फांद्यांवर असेल तर कापसाचा बोळा निर्जंतुक करायच्या स्पिरिटमध्ये भिजवून टिपून काढा. घरट्याजवळचा तसाच राहू द्या. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त करा. गोड चिकट्यासाठी मुंग्या या किडीची राखण करतात, आणि मुंग्या पिल्लांनाही चावतात. बुंध्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा दोन बोटं रुंद पट्टा द्या. जेली थेट सालीला लावू नका.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. धान्य आणि फळं खाणारे पक्षीही पिल्लांना भरवतात ते मुख्यतः अळ्या आणि किडे. चिमणीचंही तेच. बाग औषध मारून ‘स्वच्छ’ केली आणि कट्ट्यावर तांदूळ ठेवले तर मोठ्या पक्ष्यांचं भागतं, पिल्लांचं नाही.

पिल्लू खाली पडलं तर आधी पिसं बघा. उघडंवाघडं असेल तर हळूच घरट्यात ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. पिसं आलेली, आखूड शेपटी, टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवा आणि तिथून निघून जा. तुम्ही उभे आहात तोवर आई-बाप खाली येणार नाहीत. चोचीत पाणी टाकू नका, ते श्वासनलिकेत जातं.

प्रश्न : पक्ष्यांसाठी स्टीलची खोल पातेली भरून ठेवते, पण कुणी फिरकत नाही.

स्टील तापतं, निसरडं असतं, आणि खोल पाण्याला लहान पक्षी भितो. मातीची पसरट परळ घ्या. कडेला अडीच सेंटीमीटर, मधे फार तर पाच सेंटीमीटर पाणी ठेवा. पाण्याबाहेर डोकावेल असा एक खडबडीत दगड मधे ठेवा. जागा सावलीतली हवी आणि झुडपापासून दोन-तीन मीटर लांब. अगदी खेटून ठेवली तर मांजर दबा धरतं. उघड्यावर लांब ठेवली तर घाबरल्यावर पळायला आडोसा उरत नाही.

पाणी रोज बदला, आणि आठवड्यातून एकदा परळ ब्रशने खरडून, एक भाग व्हिनेगर व नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने धुऊन स्वच्छ विसळा. नुसतं पाणी ओतून नवं भरलं की पुरतं असं वाटतं, पण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. खरडणं महत्त्वाचं ते त्यासाठी.

पक्षी येऊ लागले की पिताना जरा बघा. बुलबुल, चिमणी, साळुंकी चोच भरून डोकं वर करतात, पाणी घशात उतरवतात, पुन्हा वाकतात. पारवा आणि होला चोच बुडवून मान न उचलता सलग ओढत राहतात. म्हणून परळ उथळ असली तरी तळाशी नुसता ओलावा ठेवून भागत नाही, होल्याची चोच बुडेल एवढं पाणी लागतं. आणि दुपारी चोच उघडी टाकून धापणारा पक्षी आजारी असतोच असं नाही. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नाहीत, ते असंच अंग थंड करतात.

प्रश्न : शिंजिरासाठी (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) साखरेचं पाणी ठेवावं का?

नको. या उष्णतेत ते दिवसाभरात आंबतं, बुरशी धरतं, मुंग्या येतात. त्याऐवजी नळीसारखी फुलं येणारं एखादं झाड लावा.

प्रश्न : शिंजीर रोज खिडकीच्या काचेवर चोची मारतो. भुकेला आहे का?

तो भांडतोय. विणीच्या दिवसांत नराला काचेत दुसरा नर दिसतो. पडदा ओढून उपयोग नाही, आतला अंधार वाढला की आरसा आणखी स्पष्ट होतो. काच बाहेरून झाका. कागद चिकटवा किंवा साबणाचा घट्ट फेस फासून वाळू द्या. दोन-तीन आठवड्यांत त्याचा राग निवतो. आणि पुढे काही दिवसांनी तो चमकदार जांभळा पक्षी नाहीसा होऊन छातीवर काळी रेघ असलेला पिवळट पक्षी दिसू लागला, तर नवा कुणी आलेला नाही. वीण सरल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर पिसं बदलतो.

प्रश्न : तापमान थोडं उतरलंय, तरी उकाडा वाढलाय आणि कुंड्याही लवकर वाळत नाहीत. पावसाआधी काय काय करून ठेवू?

हवेत बाष्प वाढलं की आपला घाम उडत नाही, म्हणून उकडतं. झाडांचंही तसंच, पानांतून पाणी कमी जातं. एप्रिलचं पाण्याचं वेळापत्रक आता चालणार नाही. कुंडी थोडी कलती करून वजन अजमावा आणि जड लागली तर त्या दिवशी पाणी नको.

वळवाच्या सरीने मात्र फसू नका. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३० सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीत जेमतेम ७०० मिली पाणी, आणि झाड दाट असेल तर त्यातलंही बरंच पानांवरून बाहेर ओघळतं. गच्ची वाहिली तरी कुंडी आतून कोरडी असू शकते.

खालच्या ताटल्या काढून ठेवा, भोकं तारेने मोकळी करा. गुलाबाची खालची, मातीला टेकणारी पानं काढा, काळे ठिपके तिथूनच वर चढतात. कुंडी बदलणं आणि जोरदार छाटणी चार-पाच सरी पडून हवा निवेपर्यंत लांबवा. पावसाळी लिलीचे कंद वाळून मेले समजून फेकू नका. तीन-चार आठवडे कोरडे राहिलेले कंद चांगले भिजले की आठवडाभरात कळ्या काढतात. वळीव चुकला तर बादलीभर पाणी घालूनही हे जमतं, फक्त आधीचा कोरडेपणा पुरता झालेला हवा.

प्रश्न : कोकीळ पहाटे साडेतीनपासून ओरडतो. काही उपाय?

ओरडतो तो नर, मादीचं नुसतं ‘किक्-किक्’ असतं. कावळ्यांची घरटी अंड्यांनी भरलेली असण्याचे हेच दिवस, आणि मादी आपली अंडी तिथेच खपवते. हा हंगाम सरेपर्यंत तो थांबणार नाही. कानात कापसाचे बोळे घाला.