टेनिस : एकेरी सोडून दुहेरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एकेरीच्या क्रमवारीत तीन वर्षं चारशेच्या आसपास अडकलो आहे. सर्व्हिस आणि व्हॉली (चेंडू टप्पा पडण्याआधीच मारणं) चांगली आहे. यापुढे फक्त दुहेरी खेळायचं ठरवलं तर स्पर्धांत प्रवेश कसा मिळतो? जोडीदार बदलला की गुण जातात का?

उत्तर : गुण जात नाहीत. दुहेरीची क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येक खेळाडूची वेगळी असते. कमावलेले गुण 52 आठवडे तुमच्याच नावावर राहतात. प्रवेश मात्र जोडीला मिळतो आणि तो दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो. तुमचा 180 आणि जोडीदाराचा 95, म्हणजे 275. बेरीज कमी तितकी यादीत जागा वर. खरी अडचण पुढे आहे. एकेरीचा क्रमांक चांगला असेल तर दुहेरीच्या प्रवेशासाठी तोही चालतो. एटीपी 250 स्पर्धेचा (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यातली सर्वांत खालची पातळी) ड्रॉ, म्हणजे खेळणाऱ्या जोड्यांची यादी, सहसा 16 जोड्यांचाच असतो; एकेरीतले पहिल्या पन्नासातले दोघे ऐनवेळी एकत्र आले की तुम्ही यादीबाहेर. त्यामुळे सुरुवातीला त्याखालच्या पातळीच्या चॅलेंजर स्पर्धांत गुण साठवा.

जोडीदार फक्त दुहेरी खेळणाराच शोधा. एकेरीवाल्याचा क्रमांक मोहात पाडतो, पण एकेरीत तो पुढे गेला आणि त्याला दुखापत झाली तर दुहेरीतून माघार घेतो आणि तुमचा आठवडा फुकट जातो. सरावात सर्वांत जास्त वेळ रिटर्नला, म्हणजे सर्व्हिस परतवण्याला द्या. चेंडू उंच राहिला की नेटजवळचा खेळाडू मध्ये शिरून तो संपवतो. तिरका, बुटाशी पडणारा रिटर्न हवा. वयाची धास्ती नको. रोहन बोपण्णाने 43व्या वर्षी, 2024 मध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि तो क्रमवारीत पहिलाही झाला.

प्रश्न : 40-40 ला एकाच गुणावर गेम ठरतो, तेव्हा रिटर्न कुणी करायचा?

उत्तर : निवड रिटर्न करणाऱ्या जोडीची, पण त्या गुणापुरती बाजूंची अदलाबदल करता येत नाही. नेहमी 'चांगल्या रिटर्नवाल्या'लाच पुढे करणं चूक. सर्व्हिस डावखुऱ्याची असेल तर ॲड कोर्टवर (रिटर्न करणाऱ्याची डावी बाजू) त्याची बाहेर वळणारी स्लाइस, म्हणजे बाजूची फिरकी दिलेली सर्व्हिस, उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँडवर कोर्टाबाहेर ओढते. तिथे ड्यूस कोर्टच (उजवी बाजू) घ्या. तिसऱ्या सेटऐवजी सामना ठरवणारा 10 गुणांचा टायब्रेक असेल तर आणखी एक सोय आहे, ती बरेच जण विसरतात : सर्व्हिस कोणत्या जोडीची हे आधीच्या क्रमानेच ठरतं, पण जोडीतल्या कुणी सुरुवात करायची हे तेव्हा नव्याने ठरवता येतं.