सॉइल रिपोर्टवर सही करण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल इंजिनीअर आहे. पुण्यात एका जिओटेक्निकल कन्सल्टंटकडे दोन वर्षं नोकरी करते. आता लातूरला येऊन माती परीक्षण आणि पायाच्या डिझाइनचं स्वतःचं काम सुरू करायचं म्हणते. कर्ज काढून बोअरिंगचं मशीन घेऊन द्यायची माझी तयारी आहे. यात पोट भरेल का? आणि मुलीला हे उन्हातान्हातलं काम झेपेल का? – एक पालक, लातूर

उत्तर : नमस्कार. झेपण्याचं आधी सांगतो. दोन वर्षं ती तेच करते आहे, म्हणजे झेपतं आहे. गावाबाहेरच्या प्लॉटवर मशीन दिवसभर चालतं, तिथे सावली नसते, स्वच्छतागृह नसतं, निघायला अंधार पडतो. स्वतःचं वाहन आणि सोबत एक खात्रीचा मदतनीस, एवढी सोय लावून द्या.

पोटही भरतं, पण उशिरा. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बोअर घेतो ड्रिलर, नमुने तपासते लॅब आणि रिपोर्टवर सही असते हिची. पाया ज्या आकड्यांवर ठरतो ते आकडे ही स्वतः काढत नाही. नोकरीत असताना चूक पकडायला वर साहेब असतात. स्वतंत्र झाल्यावर कुणी नसतं.

एसपीटीचंच बघा, म्हणजे ठोके मोजून माती किती घट्ट आहे ते ठरवायची चाचणी. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी 45 सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, पहिल्या 15 सेंटिमीटरचे सोडून उरलेल्या 30 चे ठोके म्हणजे एन व्हॅल्यू. कागदावर सोपं आहे. पण दुपारी चारनंतर दोर ओढणारी माणसं थकतात, हातोडा 75 ऐवजी पन्नासावरूनच सुटायला लागतो. ठोका हलका पडला की ठोके जास्त लागतात, एन वाढतो आणि भुसभुशीत माती रिपोर्टात घट्ट दिसते. ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते, आणि लॅबमध्ये किंवा कॉम्प्युटरवर ती सापडत नाही. मशीनशेजारी उभं असणाऱ्यालाच ती दिसते.

तुमच्या भागातली काळी जमीन तर आणखी फसवी आहे. मे महिन्यात बोअर घेतला तर ती एवढी टणक लागते, की दीड मीटरवर फुटिंग (खांबाखालचा पसरट पाया) बसवायला हरकत नाही असं वाटावं. पावसाळ्यात तीच पाणी पिऊन फुगते आणि मऊ पडते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगताना ती वर रेटते, म्हणून जड इमारतीपेक्षा एकमजली घराला आणि कंपाउंडच्या भिंतीला आधी तडे जातात. त्यामुळे नुसत्या एन व्हॅल्यूवर न थांबता माती किती फुगते आणि फुगताना किती जोर लावते हे सांगणाऱ्या फ्री स्वेल आणि स्वेलिंग प्रेशरच्या चाचण्या मागायला हव्यात. जमलं तर काळी ओलांडून मुरमावर टेकायचं. ती फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खालच्या टोकाला फुगीर केलेल्या जमिनीतल्या खांबांचा, विचार करायचा. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली.

मुरमाखालीही सगळं सरळ नसतं. बेसाल्ट कुजताना मध्ये मोठमोठे गोटे तसेच राहतात. ड्रिलर म्हणतो, ‘मॅडम, खडक लागला’, आणि बोअर थांबवतो. आणखी दोन-तीन मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढला की कळतं, तो गोटा होता आणि खाली पुन्हा मुरूम आहे. हे जास्तीचे मीटर घ्यायला लावणं हीच तिची खरी कमाई.

किल्लारीही तुमच्याच जिल्ह्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाआधी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये धरला जायचा. 2002 च्या आयएस 1893 या भूकंपाविषयीच्या भारतीय मानकात तो झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात गेला. तिथे पाया ठरवणाऱ्याने हा हिशेब विसरून चालत नाही.

आता गिऱ्हाईक. ‘एसबीसी किती धरू?’, म्हणजे जमीन सुरक्षितपणे किती भार पेलेल, असा फोन येईल, प्लॉट न बघता. शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट पुढे करून ‘नाव बदलून द्या’ म्हणणारेही भेटतील. एसबीसी ही एकट्या मातीवर ठरत नाही. फुटिंग किती रुंद, किती खोल आणि ते किती खचलेलं चालेल, यावर ती बदलते. पायासाठी जमीन तपासण्याच्या आयएस 1892 या मानकाप्रमाणे साधारण एक एकराच्या इमारतीच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच बोअर लागतात. बिल्डर दोनांत भागवा म्हणतो. नवीन माणसाला तिथे नाही म्हणणं फार जड जातं, कारण पुढचं काम हातात नसतं.

म्हणूनच मशीन घेऊ नका. हप्ता सुरू झाला की मशीन रिकामं ठेवता येत नाही, मग मीटरच्या दरावर इतर बोअरिंगवाल्यांशी चढाओढ आणि दोन बोअरचीही कामं घ्यावी लागतात. ड्रिलर मीटरच्या दराने मिळतो. मात्र त्याला ठरवायचं हिने, पैसे द्यायचे हिने, आणि बोअर चालू असताना तिथे थांबायचंही हिने. दुसऱ्याने आणून दिलेल्या बोअरलॉगवर (कोणत्या खोलीवर काय लागलं त्या नोंदीवर) सही करणार नाही, हे पहिल्या दिवसापासून सांगायचं. सल्ल्याची फी बोअरिंगपासून वेगळी लिहायची. पाया खोदून झाल्यावर खड्डा स्वतः पाहण्याची भेट आणि तिचे पैसे करारात असायलाच हवेत. खड्ड्यात रिपोर्टपेक्षा वेगळं काही निघालं, तर काँक्रीट पडण्याआधी डिझाइन बदलता येतं. तुमच्याकडचे पैसे प्रोफेशनल इंडेम्निटी विम्यासाठी (कामातल्या चुकीची भरपाई देणाऱ्या) आणि बिलं अडकतील त्या महिन्यांच्या खर्चासाठी ठेवा.

पण हे सगळं आत्ता नाही. दोन वर्षांत तिने बहुधा एकाच प्रकारची जमीन पाहिली असेल. अजून तीन-चार वर्षं नोकरी करू द्या, आणि त्यातली काही नवी मुंबईच्या खाडीच्या चिखलात किंवा कोकणातल्या जांभ्यावर जाऊ द्या. जिओटेक्निकलमध्ये एम.टेक. करायचं असेल तर आयआयटी मुंबईसारखे पर्याय आहेत. त्यासाठीची गेट परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. तोवर तिने साहेबांकडे एकच मागणी करावी : ज्या साइटचा रिपोर्ट मी लिहिते, तिचा खड्डा उघडेल तेव्हा मला तिथे पाठवा. ‘कशाला’ असं उत्तर मिळालं, तर तिने दुसरी नोकरी शोधावी.