1966 ची मस्टँग मेलबर्नला आणून पूर्ववत करण्यास किती खर्च येतो, आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे घ्यावे का?

आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याच्यावर माझी अडीच वर्षे गेली आहेत. स्टिअरिंग हलवू नका. इतक्या जुन्या गाडीला व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, तशी सक्ती नाही आणि सक्ती नसताना फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधला पत्रा, कापणे मला गाडीवरचा अन्याय वाटतो.

माझी फोर्ड मस्टँगही 1966 चीच, 289 घन इंचांच्या इंजिनाची. ती मी येथेच विकत घेतली, तेव्हा पूर्वीच्या कोणा मालकाने तिचे स्टिअरिंग उजवीकडे आणलेले होते. माझे भावोजी आयुष्यभर मेकॅनिक होते. अर्धे काम झालेलेच आहे, आता फक्त रंग द्यायचा, असे त्यांनी मला सांगितले. वर्षभराने डॅशबोर्ड उतरवला तेव्हा दिसले की मूळ स्टिअरिंग बॉक्स डावीकडेच होता आणि उजवीकडचा दांडा त्याला डॅशबोर्डमागून साखळीने जोडलेला होता. साखळी बोटभर सैल होती. त्या वर्षभरात मी याच गाडीतून माझ्या मुलीला शाळेत सोडत होतो, हे आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

साखळी ही केवळ सुरुवात होती. जागा करण्यासाठी हीटर काढून टाकलेला होता, फायरवॉलची भोके सपाट पत्र्याचे ठिगळ लावून बुजवलेली होती, आणि काचेखालच्या काउलमध्ये हवेच्या तोंडाभोवतीची उभी कड गंजून गेली होती. त्या काळच्या मस्टँगचे हे जुनेच दुखणे आहे. पावसाचे पाणी कडेने बाहेर जाण्याऐवजी थेट गालिच्याखाली उतरते आणि तळाचा पत्रा खालून नव्हे, वरून सडतो. ज्या कार्यशाळेला मी हे काम दिले, तिने वरून सीलंट भरून पैसे घेतले आणि पहिल्याच पावसात पायाखाली पाणी साचले. शेवटी काउलचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे सांधे) एकेक करून ड्रिलने सोडवले, दोन्ही थर वेगळे केले, नवा भाग बसवला, आणि फायरवॉल उघडीच होती म्हणून स्टिअरिंग त्याच्या मूळ जागी, डावीकडे नेले. भावोजी त्यानंतर सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत.

त्यांचा युक्तिवाद असा की, कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्या उजव्या स्टिअरिंगच्याच होत्या, मग मस्टँगचेच काय बिघडते? फरक मोठा आहे. त्या गाड्या मुळातच उजव्या स्टिअरिंगसाठी केलेल्या भागांतून जोडल्या जात. क्रायसलरने ॲडलेडला जोडलेली डॉज फिनिक्सही तशीच. कारखान्याने घडवणे आणि कोणी तरी मागाहून कापणे या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत.

खर्चाचा एकच आकडा सांगणे शक्य नाही, कारण तो गंज ठरवतो. माझ्या वहीप्रमाणे दर 100 डॉलरपैकी सुमारे 60 पत्रा आणि रंगावर गेले आणि इंजिनावर 15 सुद्धा लागले नाहीत. सुटे भाग नव्याने बनतात आणि सहज मिळतात. महाग आहे ती येथली मजुरी. ब्रेकवर मात्र काटकसर करू नका. 1966 च्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणाऱ्या भागाला, एकच मार्ग असतो, त्यामुळे एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी सिलिंडर बसवाच.

अमेरिकेतून आणणार असाल तर जहाजावर चढवण्यापूर्वी आयातीची मंजुरी हातात हवी, आणि ॲस्बेस्टॉसची चाचणीही आधीच करून घ्यावी. ऑस्ट्रेलियात 31 डिसेंबर 2003 पासून त्यावर पूर्ण बंदी आहे आणि जुने ब्रेक लायनिंग, क्लच व गॅस्केट यांत ते सापडते. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर विसंबू नका.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. फोर्डने स्वतः 1960 च्या दशकात सिडनीच्या होमबुश कारखान्यात सुमारे 200 मस्टँगना उजवे स्टिअरिंग बसवले होते; त्यांतली एखादी मिळाली तर तिला मुळीच हात लावू नका, कारण तेच तिचे खरे रूप आहे. शिवाय मी सांगतो ते व्हिक्टोरियापुरते आहे. राज्यागणिक नियम बदलतात, आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगमधील बदलाला अभियंत्याचे प्रमाणपत्र लागू शकते.

भावोजींचा एक मुद्दा मी मान्य करतो. दोन पदरी रस्त्यावर ट्रकमागून डावीकडे बसून समोरचे दिसत नाही. म्हणून मी तेथे ओव्हरटेक करत नाही. ओव्हरटेकिंग लेन येईपर्यंत ट्रकच्या मागे राहतो. त्यासाठी फायरवॉल कापण्याची गरज मला अजून एकदाही भासलेली नाही. गाडी ठरवण्यापूर्वी विक्रेत्याला गालिचा उचलायला सांगा, काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओतायला लावा आणि तळाच्या पत्र्याची चित्रफीत मागवा. नाही म्हणाला तर ती गाडी सोडून द्या.