पियानो इतका उशिरा का येतो?

प्रश्न : ताई, मुलाने पियानोवादक क्लारा हास्किल यांची मोझार्टच्या दोन पियानो कॉन्चेर्टोंची ध्वनिमुद्रिका आणून दिली. मी भजनं आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलो. पहिल्या रचनेत दोन मिनिटं झाली तरी पियानो वाजतच नाही, मुद्रिका बिघडली असं वाटून मी ती पुन्हा पहिल्यापासून लावली. शेवटाकडे सगळी वाद्यं थांबतात आणि पियानो एकटाच वाजतो, ती तान आयत्या वेळची असते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मुद्रिका ठणठणीत आहे. कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याने वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना. डी मायनरमधल्या (मायनर म्हणजे उदास छटेची स्वरमांडणी, मेजर म्हणजे उजळ) या कॉन्चेर्टोत पियानो येतो तो थेट ७७व्या मात्रागटात, आणि तोवर जे चाललेलं असतं ते नीट ऐका. व्हायोलिनं ठेक्याच्या मधल्या जागांवर दबकत वाजतात, खालून चेलो-बास गुरगुरतात. आता पियानो हेच मोठ्याने सांगणार, असं वाटतं. तो येतो आणि वेगळंच काही गातो, वाद्यवृंदाने तोवर एकदाही न वाजवलेलं, एकाकी. लहानपणी पणजी शहरातल्या मळा भागात शेजारच्या बाईंकडे मी पियानो शिकायचे. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून त्यांच्या पियानोच्या पोटात रात्रंदिवस बल्ब पेटता असे. ही जागा त्यांनी पहिल्यांदा वाजवून दाखवली तेव्हा घरी बाबांची पेटी ऐकणारी मी गप्पच झाले. अजूनही होते.

तुम्ही म्हणता ती तान म्हणजे ‘कॅडेन्झा’. बाकी सगळं कागदावर लिहिलेलं; ही एवढी जागा वादकासाठी मोकळी. तो मनासारखा फिरून येतो आणि शेवटी एक लांब ट्रिल घेतो, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची भरभर थरथर. ती ऐकली की वाद्यवृंद सावरून बसतो, कारण पुढच्या क्षणी सगळ्यांना एकत्र उतरायचं असतं. समेवर येण्याचा आनंद तुम्हाला मी काय सांगणार! मोझार्ट स्वतः इथे आयत्या वेळी वाजवत असे. या रचनेसाठी त्याने लिहिलेली कॅडेन्झा आज उपलब्ध नाही, पुढे बेथोव्हेनने लिहिली, आणि आज पुष्कळ वादक तीच वाजवतात. म्हणजे आता ती बहुधा आधीच बसवलेली असते.

पहिला प्रयोग व्हिएन्नात ११ फेब्रुवारी १७८५ रोजी झाला. मोझार्टचे वडील लिओपोल्ड तिथे होते. त्यांनी मुलीला कळवलं की आम्ही पोहोचलो तेव्हा नकलनवीस अजून स्वरलिपी उतरवतच होता आणि वोल्फगांगला, म्हणजे मोझार्टला, शेवटचा भाग एकदा वाजवून बघायलाही सवड मिळाली नव्हती.

तुमची मुद्रिका नोव्हेंबर १९६०ची. इगोर मार्केविच यांच्या संचालनाखाली पॅरिसच्या लामूरो वाद्यवृंदाबरोबर हास्किलबाईंनी ती केली आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या ६५व्या वर्षी, ब्रसेल्सच्या स्टेशनवर पडून त्या गेल्या. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाही त्यांचा पहिला सूर असाच लागायचा, कुणाला काही सिद्ध करून न दाखवणारा.

मोझार्टचे मायनरमधले पियानो कॉन्चेर्टो दोनच, आणि दोन्ही तुमच्याकडे आहेत. सी मायनरचा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तो शेवटपर्यंत काळोखातच राहतो, पहिला निदान अखेरीस मेजरमध्ये उजाडतो. आज मुद्रिका लावाल तेव्हा दुसऱ्या भागापर्यंत नक्की थांबा. तिथे पियानोच आधी सुरू करतो, एकटा, आणि या खेपेला वाद्यवृंद त्याच्या मागून येतो.