तिसरा कोन ७५ अंशांचा की १०५?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. त्रिकोणाचे दोन कोन ३५ आणि ४० अंशांचे दिले असता तिसरा काढायचा होता. तिने ७५ अंश असे उत्तर लिहून त्रिकोणाचा प्रकार ‘लघुकोन त्रिकोण’ असा दिला. पडताळ्यासाठी आकृती काढून कोनमापक लावायला सांगितले, तर तिथेही तिने ७५ च वाचले आणि आता ती आपला हेका सोडत नाही. तिला कसे समजवावे?
— एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मुलीचे उत्तर चुकले आहे, परंतु कोनमापकावर तिला ७५ दिसले हे खरेच आहे, आणि म्हणूनच नुसते सूत्र घोकून घेतल्याने तिचे समाधान होणार नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते. ३५ आणि ४० मिळून झालेले ७५ त्यातून वजा केले की तिसरा कोन १०५ अंशांचा येतो. मुलगी बेरजेपाशीच थांबली. तिने लिहिलेले तिन्ही कोन तिलाच मिळवायला सांगावेत : बेरीज १५० भरेल आणि उरलेल्या ३० अंशांचा हिशेब तिला द्यावा लागेल.

आता कोनमापकाविषयी. अर्धवर्तुळाकार कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढत जाणारी आणि दुसरी उजवीकडून, त्यामुळे एका ओळीत जिथे १०५ असतात तिथेच दुसरीत ७५ असतात. मात्र दोन्हीकडे नेमके ७५ च यावेत, हा योगायोग नव्हे. त्रिकोणाची एक बाजू तिसऱ्या कोनाच्या शिरोबिंदूपलीकडे वाढवली असता जो बाह्यकोन तयार होतो, त्याचे माप दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतके, म्हणजे येथे ३५ अधिक ४० इतके असते. मुलीने दोन्ही वेळा बाहेरचा कोन सांगितला, आणि विचारला होता आतला. यावर साधा उपाय असा, की मोजण्याआधी गुण्याचा काटकोनी कोपरा शिरोबिंदूवर ठेवून एक भुजा जुळवावी. दुसरी भुजा कोपऱ्याच्या बाहेर राहिली तर तो विशालकोन होय, आणि मग ९० पेक्षा लहान आकडा वाचण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रकार ठरवतानाही अशीच गल्लत होते. किमान दोन लघुकोन प्रत्येक त्रिकोणात असतातच, तेव्हा ते दिसले म्हणून काहीच ठरत नाही. पाहायचा तो सर्वांत मोठा कोन. दिलेल्या दोन लघुकोनांची बेरीज ९० पेक्षा जास्त असेल तर तिसराही लघुकोन, बरोबर ९० असेल तर काटकोन आणि कमी असेल तर विशालकोन. ही कसोटी परीक्षेत पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

समद्विभुज त्रिकोणात एकच कोन दिलेला असला तरी पुरतो, पण तो कोणता हे कळायला हवे : नुसते ‘एक कोन ५० अंशांचा’ म्हटले, तर उरलेले कोन ६५-६५ किंवा ५०-८० असे दोन्ही तऱ्हांनी येऊ शकतात.

सरावासाठी गच्चीवर ३० सेंटिमीटरची फूटपट्टी सरळ उभी धरावी. पट्टी, तिची सावली आणि सूर्यकिरण यांचा काटकोन त्रिकोण होतो. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २१ मार्चच्या मध्यान्ही वरच्या टोकाशी जवळजवळ २१ अंशांचा कोन होतो आणि जमिनीलगतचा कोन मुलीला ९० मधून वजा करून काढता येतो : ६९ अंश. डिसेंबरच्या २२ तारखेला, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, हेच दोन्ही लघुकोन ४५ अंशांच्या आसपास येतात आणि सावली जवळपास पट्टीएवढीच लांब पडते. मेअखेरीस मात्र हा खटाटोप करू नये. तेव्हा मध्यान्हीचा सूर्य नागपूरच्या माथ्यावर येत असल्याने सावलीच उरत नाही, आणि त्या उन्हात गच्चीवर उभे तरी कोण राहणार?